दोन भावांत चिरलेला टेबल

सकाळपासून लिहाचं टाळून राह्यलो. आधी चहा, मग मोबाईल. आता लिहूनच टाकतो.

कुरखेड्यात ज्या दोन सुतारभावांकडे मी काम शिकतो, त्यांनी काल दुकान वाटून घेतलं. अवजारं, लाकडं वाटली. राहिला रंधा मारायचा सागवानी टेबल, त्यांच्या बापानं केलेला. दुकानाचा जीव तोच.

मोठा म्हणाला, "तू त फक्त दसऱ्याले त्याले हळद लावाले येतं."

धाकटा म्हणाला, "मंग चिरून टाक."

मोठ्यानं खरंच चिरला.

आता दोन-दोन पायांचे तुकडे भिंतीला टेकलेत. त्यांच्यावर काम कोणालाच करता येणार नाई. हक्क मिळाला म्हणायचा का हा?

थांबा, दुकानाबाहेर ऑटो थांबला. त्यांची माय लेकीकडून अचानक परत आली. तिले कोणीच सांगितलं नाई.