मिस्त्रींचं घर पुरं होईना

मिस्त्रींच्या बायकोला बांधकामातलं सगळं कळायचं. हौस म्हणून ती काही शिकली नव्हती. नवऱ्याच्या सबबी ऐकून ऐकून शिकली, बिचारी. साऱ्या वस्तीची घरं वेळेत बांधून देणारा हा माणूस, पण स्वतःचं घर म्हटलं की घोडं अडलंच. पैसा आड येत नव्हता, मिस्त्रीच आड येत होते.

पहिली सबब जोत्याची. जमिनीपासून घराची फरशी जेवढी उचलून घेतात, ते जोतं. "बुटकं राहिलं तर भिंतीत ओल चढते," म्हणत मिस्त्रींनी झालेल्या जोत्यावर आणखी थर चढवले. ती बरं म्हणाली. मग आलं लिंटेल, म्हणजे खिडकीच्या वरची काँक्रीटची आडवी पट्टी. वरच्या विटांचा भार ती पेलते, चौकटीवर पडू देत नाही. मिस्त्रींना ती केसभर वाकडी दिसली, झालं, पाडली! पुढे स्लॅब टाकला आणि क्युरिंग सुरू झालं. नवं काँक्रीट भिजत ठेवलं नाही तर तडकतं, म्हणून त्यावर पाणी साठवायचं. लोक दोन-तीन आठवडे साठवतात, हे आपले साठवतच राहिले.

"अहो, मासे पाळायचेत का वर?" तिनं विचारलं.

तिनं हसण्यावारी नेलं खरं, पण तिचे गुडघे आता कुरकुरायला लागले होते. भाड्याची खोली तिसऱ्या मजल्यावर. पिशवी घेऊन चढताना ती जिन्याच्या प्रत्येक वळणावर थांबायची. पाय चालताहेत तोवर स्वतःच्या घरात हिंडायला मिळावं, एवढंच तिचं मागणं होतं.

शेवटी दारं लागली, नळ बसले, रंगसुद्धा झाला. आता हा गडी काय काढणार, असं तिला वाटलं. तर त्यांनी न्हाणीघरात तांब्याभर पाणी ओतलं आणि जेवताना सांगितलं, "उतार चुकलाय. सगळं पाणी जाळीकडे जायला हवं, ते कोपऱ्यात थोडं थांबतंय. फरशी उखडावी लागेल."

दुसऱ्या दिवशी मिस्त्री कामावर गेले तसा तिनं टेम्पो बोलावला आणि गाद्या, पलंग, शेगडी, भांडी, सगळं बिऱ्हाड नव्या घरात नेऊन टाकलं.

संध्याकाळी मिस्त्री छन्नी-हातोडा घेऊन फरशी फोडायला आले, तर खिडकीत दिवा.

"अगं, काम व्हायचंय अजून."

"होऊ दे की. मी आत आले."

ते आत आले नाहीत. पायरीवरच बसून राहिले. रागावले असतील, असं वाटून ती बाहेर आली आणि गुडघे सावरत शेजारी बसली. दिवसभर तिनं चांगली खरडपट्टी काढायची तयारी केली होती.

"लोकांची घरं वेळेत देता," ती म्हणाली. "मीच काय घोडं मारलंय?"

मिस्त्री नखातलं सिमेंट काढत बसले. मग म्हणाले, "घर पुरं झालं की मालक म्हणतो, मिस्त्री, झकास झालं. आणि दुसऱ्या दिवसापासून आपलं तिथं काही काम नसतं. वर्षभर ज्या भिंतींवरून हात फिरवला, त्या घरात नंतर पाऊल टाकायचं तर बाहेरून हाक मारावी लागते. संपलं की निघायचं, हीच सवय. हे घर संपवायला हातच धजत नाही बघ."

इतकी वर्षं आपण या माणसाला नुसता चेंगट समजत होतो, हे तिला फार लागलं.

"उठा," ती म्हणाली. "जेवून घ्या. कोपऱ्यातलं पाणी मी पुसत जाईन."

मिस्त्री उठले. रोजच्यासारखी हत्यारांची पिशवी त्यांनी दाराबाहेर भिंतीला टेकवली.

"ती आत घ्या," ती म्हणाली.

त्यांनी पिशवी उचलून आत आणली. आत आल्यावर मात्र ती कुठं ठेवावी हे त्यांना सुचेना, आणि ते बायकोकडे बघत उभे राहिले.