दोन तुकड्यांची कादंबरी

लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं, पण दुष्काळात नळ कोरडेच होते. सासूबाई आणि मी टँकरची वाट बघत घागरींच्या रांगेत बसायचो. वाचनालयातून आणलेली कादंबरी उसवून तिचे दोन तुकडे झाले होते. एकाच भांडणाची हकीकत आधी सून सांगायची, मग सासू. पहिला तुकडा सासूबाईंनी घेतला; त्यांचा वाचून होईपर्यंत थांबायचा मला धीर नव्हता, म्हणून मी दुसरा घेतला. माझ्या वाट्याला सासू आली, त्यांच्या वाट्याला सून.

"म्हातारीचं कुणी ऐकूनच घेत नाही हो, आई," मी म्हणाले.

सासूबाई डोळे पुसत म्हणाल्या, "पोरीला लई छळलं बघ त्या म्हातारीनं."

आठवडाभर घरात इतका गोडवा होता की ह्यांना संशय आला. मग आम्ही तुकडे बदलून वाचले आणि पुन्हा सासू-सून झालो.