साडूचे ठिपके

जगात स्वस्थ बसलेली वस्तू एकही नाही, काही वस्तू फक्त आळशी आहेत, असं मानणारा एकच माणूस मुलुंडमध्ये राहतो आणि तो माझा सख्खा साडू आहे. अंधेरीच्या एका कंपनीत तो नोकरी करतो. दुधाचे टँकर, शाळेच्या बस, कुरियरच्या गाड्या, जे जे हलतं ते कधी कुठे होतं हे कॉम्प्युटरमध्ये साठवायचं आणि कोणी विचारलं की नेमकं बाहेर काढून द्यायचं, हे त्याचं काम. ऑफिसात ते मोलाचं असेलही, पण हा ते घरी घेऊन येतो. फोनवर मी सहज "कुठे आहेस रे?" म्हटलं की उत्तर येतं, "प्रश्न अर्धवट आहे. कधी, ते सांग." 'आता', असं सांगावं तर म्हणतो, तू बोलेपर्यंत ते 'आता' संपलं. तोवर आपण फोन कशाला केला होता हे मी विसरलेलो असतो.

त्याच्या धंद्याचा एक नियम आहे. सगळ्या गाड्यांची क्षणाक्षणाची नोंद ठेवायला गेलं तर जागा पुरणार नाही. म्हणून गाडी कुठून, कुठल्या दिशेला, किती वेगाने निघाली तेवढंच लिहायचं आणि पुढे पडद्यावरचा तिचा ठिपका कॉम्प्युटरने अंदाजाने सरकवत न्यायचा. अंदाज चुकला तरच गाडीकडून नोंद यायची. नोंद नाही, म्हणजे सगळं नेहमीसारखं. टँकरला हे ठीक आहे हो, साडूने ते संसाराला लावलं. मेव्हणीच्या हातचं बांगड्याचं तिखलं खाऊन मुक्यालाही वाचा फुटेल, पण हा गप्प. मीठ जास्त पडलं की मात्र तत्काळ बोलतो. एकदा तरी चांगलं झालंय म्हण, असं ती चिडून म्हणाली, तर हा म्हणतो, "मी काही बोललो का? मग चांगलंच होतं ना." त्यावर तिने दोन दिवस अबोला धरला. नोंद न आल्यामुळे सगळं नेहमीसारखं आहे, असं याने धरलं.

तिच्या छत्रीच्या मुठीत याने माग काढणारं बटणाएवढं यंत्र बसवलं होतं. छत्री रिक्षात राहिली आणि हा आठवडाभर जेवताना तिची खुशाली सांगत बसला. आज भांडुपला होती, आज सिग्नलला बराच वेळ खोळंबली, वगैरे. एवढं कळतंय तर जाऊन आण की, असं मेव्हणी भिजून आल्यावर ओरडली. "राहू दे गं, इतका झकास डेटा कुठे मिळतो," हा म्हणाला.

त्याची खरी परीक्षा अण्णांनी घेतली. अण्णा म्हणजे आमचे सासरे. मूळचे मालवणकडचे, हयात गिरणीत मागावर गेली, आणि म्हातारपणी साडूकडे राहायचे. शेवटी शेवटी ते फार विसरायला लागले होते. घराचा पत्ताही आठवायचा नाही, तरी संध्याकाळी पाचला देवळात एकट्यानेच जायचा हट्ट कायम. साडूने त्यांच्या चपलेत एक यंत्र बसवलं, त्यांच्या रोजच्या फेरीचा अंदाज कॉम्प्युटरला दिला आणि निर्धास्त झाला.

एका संध्याकाळी त्याचा घाबराघुबरा फोन आला. अण्णांचा ठिपका ऐरोलीच्या पुलावर होता आणि मोटारीच्या वेगाने चालला होता. मेव्हणी देवळाकडे धावली, आम्ही त्याच्या स्कूटरवरून ठिपक्यामागे. वाटेत मी ओळखीच्या सगळ्या देवांना नारळ बोललो. ठिपका एका इमारतीवर थांबला होता. एकेक मजला शोधत आम्ही तिसऱ्यावर पोचलो. तिथे दाराबाहेर अण्णांच्या चपला होत्या आणि दारात एक अनोळखी गृहस्थ. देवळातून निघताना घाईत त्यांनी अण्णांच्या चपला घातल्या होत्या. जरा सैल वाटल्या खऱ्या, असं ते शांतपणे म्हणाले. तेवढ्यात मेव्हणीचा फोन आला, अण्णा देवळात नाहीत.

साडू त्या चपला छातीशी धरून जिन्यातच बसला. "अनवाणी आहेत रे ते," एवढंच म्हणाला. मग त्याने फोनवर अण्णांच्या जुन्या, मूळच्या नोंदी काढल्या. रोज देवळातून परतताना एका जागी ठिपक्यांचा गुंता होता. यंत्राचा गोंधळ समजून त्याने कॉम्प्युटरला तो गुंता पुसून रेघ सरळ करायला सांगितलं होतं. मी जागा ओळखली. तिथे इलॅस्टिकच्या पट्ट्या विणणारा एक गाळा आहे, दिवसभर माग खडखडत असतात.

अण्णा त्या गाळ्याबाहेर स्टुलावर बसले होते. डोळे मिटलेले, अनवाणी पाय मागाच्या तालावर हलत होता. साडूने खाली बसून त्यांच्या पायांत चपला घातल्या आणि हरवला होतात ना हो, म्हणाला.

"मी खंय हरावलंय? हयच बसलंय," अण्णा म्हणाले. "तिसरो माग अडाकता, आयक."

आणि साडू खरोखरच जमिनीवर मांडी घालून तो माग ऐकत बसला. त्या दिवसापासून त्याने अण्णांच्या अंदाजात गाळ्यापाशी एक थांबा घातला.

अण्णा गेल्या वर्षी गेले. परवा मी साडूकडे चहाला बसलो होतो. पाच वाजले आणि पडद्यावर एक ठिपका घरातून निघाला. चपलेतलं यंत्र तर त्याने केव्हाच बंद करून चपलांसकट कपाटात ठेवलंय. पुसून टाक रे आता, मी म्हणालो.

"अंदाज चुकल्याची नोंद कुठे आलीय अजून?" माझ्याकडे न बघता तो म्हणाला.

मेव्हणीही कप हातात घेऊन येऊन बसली. ठिपका देवळात गेला, बाहेर आला, गाळ्यापाशी पोचला आणि तिथे थांबला. तो घरी परत येईपर्यंत आम्ही तिघंही उठलो नाही.