शेंदराखालचा तडा

अनंतरावांना आदल्या दिवशी काठ्यांनी मारले.
दुसऱ्या दिवशी वाफेने.

आज दसरा. माझ्या मित्राला जाऊन वर्ष झाले.

कल्याणच्या खाडीकाठी आमची भाताची गिरणी. लिमिटेड कंपनी. अनंतराव तिचे एक डायरेक्टर, मी थोडे शेअर घेतलेला भागीदार. कीर्तनाला आम्ही शेजारी बसत असू, वार्षिक मीटिंगलाही.

गेल्या वर्षीच्या रिपोर्टात छापले होते : बॉयलर उत्तम स्थितीत आहे.

तो तडकला होता. अनंतरावांनी स्वतः पाहिले होते.

नवा घ्यायचा तर डिव्हिडंड नाही. म्हणून चेअरमननी तड्यात शिसे भरले आणि मीटिंग बोलावली खंडेनवमीला, गिरणीतच.

त्या दिवशी हत्यारे आणि यंत्रे पुजतात. पुजलेल्या यंत्राला दसऱ्यापर्यंत कोणी हात लावत नाही.

बॉयलरवर बोटभर शेंदूर, वर झेंडूच्या माळा. ऑडिटरने दारातूनच हात जोडले आणि सही केली.

अनंतराव उठले.
"ते वाक्य रिपोर्टातून काढा. शेंदराखाली तडा आहे."

चेअरमन हसले. "आता देवाचेही ऑडिट करणार काय, अनंतराव?"

मी म्हणालो, दुरुस्तीसाठी यंत्राला हात लावू नये असे कोणत्याही शास्त्रात नाही.

"शास्त्रीबुवा, तुमचे शेअर किती?" मागून कोणी विचारले. सभा खदखदून हसली.

अनंतराव पुढे गेले आणि नखांनी शेंदूर खरवडू लागले.

पूजा मोडली, अशी एकच ओरड उठली.

पहिली काठी मनगटावर बसली. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. दुसरी कानावर.
मारणारे भागीदारच होते. पहाटे घाटावर माझ्या शेजारी संध्या करणारे त्यांत होते.
मी मध्ये पडलो, तर मला भिंतीवर आपटले.
अनंतरावांच्या अंगरख्यावर शेंदूर कोणता आणि रक्त कोणते, कळेना.

त्यांना उचलून बाहेर टाकले आणि रिपोर्ट मंजूर केला.

दसऱ्याच्या सकाळी, भागीदारांना दाखवण्यासाठी, बॉयलर पूर्ण दाबावर पेटवला. अनंतराव डोक्याला फडके गुंडाळून गिरणीत शिरले. मी त्यांच्यामागे दारापर्यंत.

भट्टीपाशी आगवाला पास्कू, वसईकडचा ख्रिस्ती.

"बाहेर हो, पास्कू."
"माझी रोजी जाईल, राव."
"हा तुझा जीव घेईल. नीघ."

त्यांनी त्याला धक्का देऊन माझ्या अंगावर लोटले आणि धड हाताने फावडे घेऊन, दाब उतरावा म्हणून, भट्टीतले निखारे बाहेर ओढू लागले.

मग बॉयलर फुटला.

छप्पर गेले. पोलादाचा पत्रा भिंत फाडून खाडीत पडला. पास्कूचा एक हात भाजून काळा झाला.
अनंतराव भाताच्या राशीत सापडले. चेहऱ्याची कातडी सोलून निघाली होती.
दुपारपर्यंत जीव होता. पुन्हा पुन्हा एवढेच म्हणत होते, "ते वाक्य काढा."

तेरावे झाल्यावर चेअरमन नव्या रिपोर्टाचा मसुदा घेऊन माझ्या घरी आले. त्यात लिहिले होते : अनंतरावांनी पूजा भंग केल्यामुळे दैवी कोप होऊन बॉयलर फुटला.

"शास्त्रीबुवा, तुमची सही असली की लोकांना पटेल."

देवाचे नाव मी त्रिकाळ घेतो. तुमच्या लबाडीला साक्षीदार म्हणून ते देणार नाही, असे सांगून मी मसुदा परत केला.

पुढच्या सभेत मी दुसरा मजकूर वाचला. बॉयलर तडकलेला होता. डायरेक्टरांना ठाऊक होते. अनंतरावांनी सांगितले होते.

काठ्या त्याही दिवशी आल्या होत्या.
पास्कू माझ्या बाजूला येऊन उभा राहिला. त्याने हातावरचे फडके सोडले.

मंजुरीसाठी पहिला हात वर झाला तो अनंतरावांचे मनगट मोडणाऱ्याचा.

काल खंडेनवमीला नवा बॉयलर पुजला. शेंदूर लावण्याआधी सर्वांसमक्ष तो ठोकून पाहिला. हातोडा मला दिला होता.
आवाज खणखणीत आला.
मग शेंदूर लावला.

अनंतराव, ते वाक्य काढले आहे.
तुमच्या शास्त्रीबुवाचा साश्रू नमस्कार.