तळाशी न बसणारं यीस्ट

थोरलीनं टाकीचा नळ सोडला. ग्लासात गढूळ, करडी बिअर उतरत होती.

वडील गेल्यावर बिअरचा तो छोटा कारखाना थोरली लेक म्हणून तिनंच अंगावर घेतला होता, त्यांच्या यीस्टसकट. एका खेपेतलं काढायचं, पुढच्या खेपेत घालायचं, असं वर्षानुवर्षं चाललेलं. साखर आंबवायचं काम आटोपलं की यीस्टच्या गुठळ्या होऊन ते आपसूक तळाशी बसे आणि वर बिअर लख्ख. "आमचं यीस्ट शहाणं आहे," असं ती चारचौघांत मिरवायची. अलीकडे ते बसायला कुरकुर करत होतं खरं, पण आता तर त्यानं संपच पुकारला होता.

तिनं टाक्या-नळ्या घासून काढल्या. पुढची खेपही तशीच निघाली. मग बाटली घेऊन ती थेट भाचीच्या प्रयोगशाळेत गेली.

तपासणी झाल्यावर भाची म्हणाली, "मावशी, बाहेरचं काही शिरलेलं नाही. हे तुझंच आहे, पण बदललंय. पेशी एकमेकींना धरतात त्या अंगावरच्या एका प्रथिनामुळं. ते घडवणाऱ्या जनुकात एकच मजकूर पुन्हा पुन्हा येतो. नक्कल होताना कधी त्यातला थोडा गळतो. मग प्रथिन आखूड होतं आणि पकड सुटते."

"पण सगळ्यांचंच कसं गळलं?"

"मोजक्यांचंच गळलं असणार. तू यीस्ट काढतेस कुठून?"

"तळाशी बसलेल्या गाळाच्या वरच्या थरातलं. पांढरंशुभ्र असतं ना! अगदी खालचं बघवत नाही."

"म्हणजे सगळ्यात शेवटी बसणारं. दर खेपेला तू न चिकटणाऱ्यांनाच निवडत आलीस गं."

वडील मधल्या थरातलं घ्यायचे. थोरलीला ते त्यांचं खूळ वाटायचं.

वडिलांनी हेच यीस्ट कधीकाळी काकांनाही त्यांच्या कारखान्यासाठी दिलं होतं. वाटणीपासून काकांशी बोलणं बंद होतं. तरी ते मागायला ती गेली. दारात तिला बघून काका गडबडले. तिची कहाणी ऐकून तर त्यांचा चेहराच उतरला.

"तुझं बसत नाही? माझं भलतंच लवकर बसतं. बिअर अर्धवट गोडच राहते. कुणाला सांगायची सोय नाही."

"तुम्ही काढता कुठून?"

"तळातून. का?"

तिला हसावं की रडावं कळेना. एकाच बरणीतलं यीस्ट दोघांनी आपल्याच हातांनी दोन टोकांना नेऊन ठेवलं होतं.

भाचीनं काकांच्या यीस्टमधल्या पेशी सुट्या सुट्या वाढवून बघितल्या. त्यातून एक वाण हाती लागला: आधी काम पुरं करणारा, मग बसणारा. त्याची बिअर स्वच्छ उतरली. काकांनी घोट घेतला, जिभेवर घोळवला.

"दादाची नाही ही."

थोरलीला पुन्हा धक्का बसला. इतकी वर्षं त्या टाकीत आपण वडिलांना जपतोय, असं ती धरून चालली होती.

"पिण्यासारखी आहे ना पण?" तिनं कसंबसं विचारलं.

"आहे की. ओत अजून."