पंगतीतलं शेवटचं ताट

माझ्या वडिलांना शिखांच्या गोष्टी फार छान सांगता येतात. हे मी कौतुकानं लिहीत नाही, पण खोटंही नाही. लग्नाआधी, नोकरीच्या सुरुवातीची काही वर्षं ते नांदेडला शिक्षक होते, तिथल्या गुरुद्वाऱ्यात जाऊन बसायचे, आणि येताना या गोष्टी घेऊन आले. निवृत्त झाल्यापासून सोलापुरात शुक्रवार पेठेतल्या घरी दर रविवारी ते गल्लीतली पोरं जमवतात. कुणाच्या घरी तेलुगू, कुणाच्या घरी दखनी उर्दू, कुणी आमच्यासारखं मराठी. सगळी बाहेरच्या लांबट खोलीत मांडी घालून बसतात आणि वडील खुर्चीवर. एरवी मोबाइलमधून मान वर न काढणारी ही पोरं त्यांच्या तोंडाकडे टक लावून बघत राहतात.

लढाईत पाणी वाटणाऱ्या शिखाची गोष्ट ते सांगतात. तो शत्रूच्या जखमींनाही पाणी पाजतो. त्याच्याविरुद्ध तक्रार जाते, गुरू बोलावून घेतात. तो म्हणतो, मला तर सगळ्यांत तुम्हीच दिसता. मग गुरू त्याच्या हातात मलमाची डबी देतात, आता जखमांना हेही लाव म्हणून. इथं वडील तळहात पुढं करून थांबतात आणि पोरं त्या रिकाम्या तळहाताकडे बघत बसतात. दुसरी त्यांची आवडती गोष्ट बादशहाची. बादशहा गुरूंना भेटायला येतो, तर त्याला सांगतात की आधी खाली बसून सगळ्यांबरोबर जेवा, मग भेटा. आणि बादशहा बसतो.

गोष्ट संपली की लंगर, गुरुद्वाऱ्यात असते तशी पंगत. म्हणजे आईनं केलेली खिचडी आणि शेंगाची चटणी. वडिलांचे नियम कडक आहेत. सगळ्यांनी एका ओळीत बसायचं. कुणाची जात, कुणाचं आडनाव विचारायचं नाही. शेवटच्या ताटात अन्न पडेपर्यंत पहिल्यानं घास उचलायचा नाही. ताटं स्टीलची, कारण कागदी पत्रावळीत सेवाभाव येत नाही म्हणे. ती ताटं आई घासते. मी जुळे सोलापुरात राहते. ज्या रविवारी जाते त्या रविवारी मी घासते.

आईचे दोन्ही गुडघे गेलेत. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, फार वेळ उभं राहायचं नाही, उकिडवं बसायचं नाही, नाहीतर ऑपरेशनला पर्याय उरणार नाही. आईला ऑपरेशनची भयंकर भीती आहे. एवढं मोठं पातेलं उतरवताना ती ओट्याला धरून ‘शिवा शिवा’ म्हणते, तेही हळू, बाहेर गोष्ट चाललेली असते म्हणून. मी वडिलांना म्हटलं, जेवण बंद करा, नाहीतर एखादी बाई लावा. ते दुखावले. पैसे देऊन केलं तर ती सेवा कसली, असं त्यांनी मला समजावून सांगितलं. इतक्या शांतपणे सांगितलं की मला भिंतीवर डोकं आपटावंसं वाटलं.

मग मी हट्टानं थोडं वाचलं. दुसऱ्या गुरूंच्या पत्नी लंगर सांभाळायच्या. त्यांच्या हातच्या तुपातल्या खिरीचा उल्लेख थेट शिखांच्या ग्रंथात आहे, आदरानं केलेला. वडिलांना विचारलं, ही गोष्ट का नाही सांगत? त्यांना ती माहीत होती. म्हणाले, त्यात फार काही घडत नाही गं, पोरं कंटाळतील.

या हिवाळ्यात वडिलांच्या मनात आलं की आईला एकदा नांदेड दाखवावं. लग्नाला इतकी वर्षं झाली, गोष्टी रोजच्या, पण ती तिथं कधी गेली नव्हती. मी गाडी ठरवली. रस्ताभर वडील इतिहास सांगत होते आणि आई गुडघ्यावर शाल घेऊन खिडकीबाहेर बघत होती.

गुरुद्वाऱ्यातल्या लंगरमध्ये आईला खाली बसता येईना. एका म्हाताऱ्या सरदारजींनी कुठूनसं एक बुटकं स्टूल आणून दिलं. मग तेच रोट्यांची टोपली घेऊन आले. आई सवयीनं ताट बाजूला ठेवून उठायला लागली, वाढायला मदत करावी म्हणून. त्यांनी वाकून हात जोडले, बसून राहा म्हणाले, आणि तिच्या पसरलेल्या दोन्ही हातांत रोटी ठेवली. पलीकडे पुरुषांची रांगच्या रांग भांडी घासत होती. पागोटी नीट, बाह्या वर, कोपरापर्यंत राख आणि पाणी. वडिलांनी त्याचे फोटो काढले.

परतताना निम्म्या रस्त्यापर्यंत आई खिडकीबाहेरच बघत होती. मग मला म्हणाली, “गरम होती की गं रोटी. हातात पडली तवा गरम होती.” वडील पुढच्या सीटवर झोपले होते. मला रडू आलं आणि रागही आला, आणि दोन्हींचं काय करायचं ते कळलं नाही म्हणून मी तिला पाणी दिलं.

पुढच्या रविवारी मी मुद्दाम लवकर गेले. वडिलांनी नांदेडचं वर्णन केलं. मोठमोठे लोक तिथं भांडी कशी घासतात, जोडे कसे पुसतात, सेवेनं माणूस कसा हलका होतो. फोटो पोरांमध्ये फिरवले. मग बादशहाची गोष्ट झाली. मी पातेलं बाहेर आणलं आणि वाढायला सुरुवात केली.

ओळ संपत आली तेव्हा आई आतून आली. एका हातात ताट, दुसऱ्या हातात मोरीतलं स्टूल. ओळीच्या शेवटी तिनं स्टूल ठेवलं, भिंतीला धरून बसली आणि ताट मांडीवर घेतलं. पोरं हसली. मी डाव घेऊन पुढं झाले तर तिनं ताटावर हात आडवा धरला.

“तू न्हाय,” ती म्हणाली. मग वडिलांकडे बघून, अगदी साध्या आवाजात, “अहो, तुमी वाढा की.”

वडिलांना आधी गंमत वाटली. आज काकू पाहुण्या आहेत, असं ते पोरांना म्हणाले आणि मला खूण केली, वाढ म्हणून. आईचा हात ताटावरून हलला नाही. ती रागावलेली नव्हती. नवीन जागी बसलेल्या माणसासारखी थोडी अवघडली होती, एवढंच. पातेलं वडिलांच्या खुर्चीपासून दोन हातांवर होतं. मी डाव त्यांच्यासमोर धरला.

पोरं थांबली होती. शेवटचं ताट रिकामं होतं ना. पहिल्या ताटांतल्या खिचडीवर पापुद्रा धरायला लागला. समोरच्या घरातली एक मुलगी मोठ्यानं म्हणाली, “सर, काकूंचं ऱ्हायलंय.” वडिलांचं तोंड लाल झालं. त्यांनी खुर्चीला हात टेकले. एक क्षण मला वाटलं, उठतात. खरंच वाटलं.

“सुरू करा रे,” वडील पोरांना म्हणाले. “गार होतंय.”

पोरांनी एकदा आईच्या ताटाकडे पाहिलं, एकदा सरांकडे. मग पहिल्यानं घास उचलला, दुसऱ्यानं उचलला, आणि शेवटी त्या मुलीनंही. मी डाव पातेल्यात टाकला, तो जरा जोरात पडला.

आई उठली. रिकामं ताट घेऊन भिंतीला धरत आत गेली. मी तिच्या मागं गेले. तेवढ्यात बाहेरून वडिलांचा आवाज आला, नेहमीचा, गोष्टीतला, मोकळा. चटणी राहिली बघ, म्हणत होते.

आईनं ताट ओट्यावर ठेवलं आणि चटणीचा डबा काढला. मी म्हटलं, नको देऊस. तिनं झाकण उघडलं, वाटीत चटणी काढली आणि वाटी माझ्या हातात दिली.

“जा, वाढ,” ती म्हणाली. “पोरांचा काय दोष.”