पाच वर्षांची खुर्ची

नियम मीच आणला. दुसऱ्या कुणी हे ऐकवलं की डोकं फिरतं, म्हणून आधीच लिहून टाकते.

भाईंदरच्या आमच्या मुलींच्या फुटबॉल क्लबात तेव्हा एक गृहस्थ चौदा वर्षं अध्यक्ष होते. मैदानावर यायचे ते फक्त बक्षीस समारंभाला. मी केबिन रोडवर फुटपाथवर गाऊन विकून पुढे गाळा घेतलेली बाई. मुलगी क्लबात खेळायची म्हणून कमिटीत शिरले. जर्सी, पाणी, मैदानाची वेळ, सगळं मी बघायचं आणि फोटोत मधोमध ते.

आमची उत्तनची जुनी गोलकीपर नर्स होऊन आयर्लंडला गेली होती. तिथे बायका हातापायांनी खेळतात तसला वेगळाच फुटबॉल आहे. ती तिथल्या एका गावच्या क्लबची सेक्रेटरी झाली होती. मी फोनवर तिच्यापाशी तणतणले तेव्हा ती म्हणाली, "ताई, हितं एका पदावर पाच वर्षांच्या वर कुणाला बसता येत न्हाय. कितीही चांगला असू दे. नियमच हाय."

मी तो नियम मराठीत उतरवला, एकेका पालकाला दुकानात बसवून पटवला आणि सभेत मंजूर करून घेतला. गृहस्थ गेले, मी बसले. कुठल्याही सौद्यात मी स्वतःसाठी एक पळवाट ठेवतेच. 'विशेष परिस्थितीत मुदतवाढ' एवढी ओळ पुरली असती. ती घातली नाही, कारण ती त्यांनीच आधी वापरली असती.

पाच वर्षांत मी भांडून काय काय मिळवलं! आधी आम्हाला मैदान मिळायचं भर दुपारी बारा वाजता. मी दर रविवारी सकाळी सहा ते आठ मिळवलं. कपडे बदलायच्या खोलीला आतून कडी बसवून घेतली. मग या वर्षीच्या सभेत मी ती राहिलेली ओळ मांडली.

हाटकेशची आमची जुनी डिफेंडर उठली. आता औषधाच्या दुकानात नोकरी करते. "काकू, नियम तुमचाच ना?"

"माझाच. म्हणून मीच बदलतेय."

"मग तेव्हा त्यांनी बदलला असता तर?"

"त्यांनी काय केलं होतं क्लबसाठी? बरं, एक वर्ष द्या."

तिने नकारार्थी मान हलवली.

"सहा महिने?"

मागून आवाज आला, "काकू, फिक्स्ड रेट!" आणि सगळी खोली हसली.

अध्यक्ष म्हणून हात मोजायचं काम माझंच. बाजूने चार. त्यातला एक माझा. माझी मुलगी मांडीवर हात ठेवून समोर बघत होती. घरी तिच्याशी दोन दिवस बोलले नाही. ती मात्र बोलत होती.

डिफेंडर अध्यक्ष झाली. मैदानाच्या वेळेचं पुन्हा ठरवायचं होतं. ती माझ्या दुकानात येऊन म्हणाली, "काकू, चला सोबत. पण बोलणार मी."

गेले. महापालिकेच्या ऑफिसात तोंड मिटून बसले. मुलांच्या क्लबालाही सकाळचीच वेळ हवी होती. ही पोरगी अर्ध्या तासात महिन्यातले दोन रविवार त्यांना देऊन मोकळी झाली आणि बदल्यात बुधवारची संध्याकाळ घेतली. मी नुसती खुर्चीत चुळबुळत होते. तीन ठिकाणी आणखी ताणता आलं असतं.

परतताना रिक्षात मी तिन्ही सांगितली. आवाज चढला, रिक्षावाला आरशातून बघायला लागला. तिने शांतपणे ऐकलं आणि मोबाइलमध्ये त्यातलं एकच लिहून घेतलं.

"बाकीची दोन?"

"ती तुम्हालाच जमतात, काकू. मला त्याच लोकांकडे परत जायचं असतं."

माझं दुकान बरंच पुढे होतं. मी रिक्षा थांबवली आणि उतरून चालायला लागले.